आधी संदेश वाचा, मग सर्व्हरला हात लावा

सर्व्हरला एसएसएचनं जोडता येत नाही म्हटल्यावर बहुतेकांचे हात ठरलेल्या तीन गोष्टींकडे वळतात. तीच कमांड पुन्हा चालवायची, घरचा राउटर बंद करून चालू करायचा, आणि तेवढ्यानं भागलं नाही की क्लाउडच्या पॅनेलमध्ये जाऊन सर्व्हरच रीबूट करायचा. यातलं काहीतरी कधीमधी लागू पडतं, हीच तर पंचाईत आहे. जोडणी सुरू होते, पण बिघाड कशात होता ते कळत नाही आणि पंधरा दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. रीबूटचा तर आणखी एक धोका असतो. कॉन्फिगरेशनची एखादी फाइल बिघडलेली असेल, तर अजून कसाबसा चालणारा सर्व्हर रीबूटनंतर उठेलच असं नाही. मग एसएसएचबरोबर त्यावरची वेबसाइटही जाते.

या सगळ्या धावपळीत स्क्रीनवर आलेली ती एक ओळ कोणी धड वाचत नाही. मदत मागणारा सांगतो ते एवढंच, ‘कनेक्ट होत नाहीये.’ पण ‘कनेक्शन टाइम्ड आउट’, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘परमिशन डिनाइड’ या तीन अगदी वेगळ्या बातम्या आहेत. जोडणी कुठपर्यंत पोचली आणि कुठं अडली, हे त्या ओळीत लिहिलेलं असतं. ते समजलं की तपासायच्या जागा निम्म्याहून कमी होतात.

एसएसएच तातू यूलोनेन यांनी 1995 मध्ये लिहिलं. तेव्हा ते हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात होते आणि तिथल्या नेटवर्कवर कोणीतरी जाता-येता पासवर्ड टिपून घेत होतं. टेलनेटचं पोर्ट 23 होतं, एफटीपीचं 21. मधलं 22 रिकामं होतं, ते त्यांनी रीतसर मागून घेतलं. आज लिनक्स सर्व्हरवर सर्रास दिसतं ते ओपनएसएसएच. ओपनबीएसडीच्या मंडळींनी ते 1999 मध्ये आणलं. पुढं येणारे संदेश त्याचेच आहेत. विंडोज 10 मध्येही 2018 पासून तोच क्लायंट येतो, त्यामुळं पुटीसारखा वेगळा प्रोग्रॅम वापरायलाच हवा असं आता राहिलेलं नाही. कमांडी मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

एक जोडणी पूर्ण व्हायला साधारण पाच टप्पे लागतात. सर्व्हरच्या नावावरून पत्ता सापडतो. त्या पत्त्यावरच्या पोर्टाशी संपर्क होतो. दोन्ही बाजू सांकेतिक भाषा ठरवतात आणि सर्व्हर आपली ओळख पटवतो. मग तुम्ही तुमची ओळख पटवता. शेवटी शेल सुरू होतो. नेहमीच्या एसएसएच कमांडला ‘डॅश व्ही’ जोडून चालवलंत, तर हे टप्पे ‘डीबग’ अशा ओळींनी एकेक करून समोर येतात. ‘कनेक्शन एस्टॅब्लिश्ड’ ही ओळ दिसली म्हणजे नेटवर्क आणि फायरवॉल सुटले. ‘सर्व्हर ॲक्सेप्ट्स की’ दिसली, तर त्या खात्याला तुमची किल्ली मान्य आहे. ‘व्ही’ तीनदाही देता येतो, पण त्यातून येणारा मजकूर एवढा असतो की नवख्या माणसाचा गोंधळच वाढतो. एकानं सुरुवात करावी.

नाव आणि पत्ता

‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम’ आलं, तर सर्व्हरपर्यंत काही गेलेलंच नाही. नावाचं स्पेलिंग, डोमेनची मुदत, ऑफिसातलं अंतर्गत नाव असेल तर व्हीपीएन चालू आहे का, एवढं पाहावं. नवा लॅपटॉप घेतल्यावर हा संदेश हमखास येतो. जुन्या लॅपटॉपच्या एसएसएच कॉन्फिग फाइलमध्ये सर्व्हरला दिलेलं टोपणनाव नव्यावर आलेलं नसतं आणि आपण ते टोपणनावच खरं नाव समजत असतो.

नाव सापडतं पण पत्ता चुकीचा निघतो, तेव्हा शोधायला जास्त वेळ लागतो. अशा वेळी डीएनएसचा कसलाच संदेश येत नाही. टाइमआउट येतो आणि माणूस फायरवॉलमागं लागतो. म्हणून ‘डॅश व्ही’च्या सुरुवातीच्या ओळींत ‘कनेक्टिंग टू’पुढं जो आयपी पत्ता छापला जातो, तो क्लाउड पॅनेलमधल्या पत्त्याशी अंकन्‌अंक जुळतो का ते पाहायची सवय लावून घ्यावी. जुळत नसेल तर त्याची कारणं मोजकीच असतात. डोमेन क्लाउडफ्लेअरच्या प्रॉक्सीमागं असेल, तर नावावरून मिळणारा पत्ता क्लाउडफ्लेअरचा असतो, तुमच्या सर्व्हरचा नव्हे. ती प्रॉक्सी वेबची ये-जा पुढं पाठवते. पोर्ट 22 तिथं थांबतं. वेबसाइट झकास चालते आणि एसएसएच लागत नाही, या कोड्याचं हे नेहमीचं उत्तर. अशा ठिकाणी थेट आयपी वापरावा किंवा एसएसएचसाठी प्रॉक्सी नसलेलं वेगळं सबडोमेन करावं.

दुसरं कारण ॲमेझॉनच्या ईसीटूवर दिसतं. तिथला सर्व्हर ‘रीबूट’ केला तर सार्वजनिक पत्ता तोच राहतो. ‘स्टॉप’ करून ‘स्टार्ट’ केला की बदलतो. इलॅस्टिक आयपी जोडलेला असेल तरच तो टिकतो. खर्च वाचवायला रात्री सर्व्हर बंद ठेवणाऱ्या छोट्या कंपन्यांना दर सकाळी हा अनुभव येतो. शिवाय सर्व्हर बदलताना चाचणीसाठी स्वतःच्याच होस्ट्‌स फाइलमध्ये टाकलेली आणि नंतर विसरलेली एखादी ओळ असतेच. डीएनएस कितीही दुरुस्त केलात तरी ती ओळ आधी वाचली जाते.

गप्प राहणं आणि नकार

एखाद्याच्या दारावर थाप मारल्यावर आतून काहीच आवाज आला नाही, तर घर रिकामं असेल, आपण चुकीच्या गल्लीत असू, किंवा फाटकावरच कोणी अडवलं असेल. पण आतून ‘इथं कोणी राहत नाही’ असं उत्तर आलं, तर घर आहे आणि आत माणूसही आहे. टाइमआउट म्हणजे पहिला प्रकार, रिफ्यूज्ड म्हणजे दुसरा.

टाइमआउटमध्ये तुमच्या संगणकानं पाठवलेल्या पहिल्या पॅकेटला उत्तरच मिळत नाही. लिनक्स ते पॅकेट आणखी काही वेळा पाठवून पाहतं, थांबण्याचा वेळ वाढवत नेतं, आणि साधारण दोन मिनिटांनी नाद सोडतं. एवढं थांबायचं नसेल तर ‘कनेक्ट टाइमआउट’ हा पर्याय पाच सेकंदांवर ठेवावा. उत्तर न देता पॅकेट गिळून टाकणं हा क्लाउडच्या फायरवॉलचा स्वभाव आहे. ॲमेझॉनचा सिक्युरिटी ग्रूप नकार कळवत नाही, गप्प बसतो. त्यामुळं सर्व्हर चालू आहे आणि पत्ता बरोबर आहे, एवढी खात्री झाल्यावर टाइमआउटचा पहिला संशयित तोच.

आपल्याकडे यात एक खास गोष्ट घडते. सर्व्हर उभारताना कोणीतरी शहाणपणानं पोर्ट 22 फक्त ‘माय आयपी’साठी उघडं ठेवतं. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता मात्र कायमचा नसतो. वीज जाऊन राउटर पुन्हा चालू झाला की बदलू शकतो. काल चाललेलं आज चालत नाही, कोणी काहीच बदललेलं नसतं, आणि दोष सर्व्हरवर येतो. अशा वेळी बाहेरच्या जगाला तुमचा कोणता पत्ता दिसतो ते पाहून नियम सुधारावा. तो पत्ता राउटरच्या पानावर वाचू नये. अनेक सेवादाते शेकडो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागं बसवतात, त्यामुळं राउटरला दिसणारा पत्ता आणि बाहेर दिसणारा पत्ता वेगळे असतात. ‘वैतागून मग सगळ्यांनाच उघडं केलं,’ असं सांगणारे भेटतात. तो उपाय नव्हे. पत्ता वारंवार बदलत असेल तर व्हीपीएन वापरावं, किंवा ॲमेझॉनचं सेशन मॅनेजर वापरावं. त्याला पोर्ट 22 उघडं लागतच नाही, मात्र त्याचा एजंट आणि परवानग्या आधी लावून ठेवाव्या लागतात.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडून पाहणं ही चांगली चाचणी आहे, पण तिचा अर्थ नीट लावायला हवा. हॉटस्पॉटवरून जोडणी झाली, तर अडचण तुमच्या नेहमीच्या नेटवर्कमध्ये आहे किंवा त्या नेटवर्कचा पत्ता सर्व्हरकडे अडवला जातोय. कित्येक कॉलेजं आणि कंपन्या बाहेर जाणारं पोर्ट 22 बंद ठेवतात. हॉटस्पॉटवरून झाली नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण फायरवॉल एकाच पत्त्याला आत घेत असेल तर हॉटस्पॉटचा पत्ता तिला अनोळखीच. त्यात मोबाइल डेटावर बहुधा आयपीव्ही 6 असतं. सर्व्हरच्या नावाला आयपीव्ही 6 चा पत्ता असेल आणि फायरवॉलचा नियम फक्त आयपीव्ही 4 साठी लिहिलेला असेल, तर घरून चालतं आणि फोनवरून चालत नाही. कमांडमध्ये ‘डॅश 4’ घालून पाहिलं की हे लगेच उघडं पडतं.

पिंगवर मात्र भिस्त ठेवू नये. पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे सर्व्हर बंद, असं धरून चालणारे बरेच आहेत. ॲमेझॉनवर तुम्ही वेगळी परवानगी दिल्याशिवाय बाहेरून पिंग पोचतच नाही. तपासायचं ते पोर्ट: लिनक्स किंवा मॅकवर ‘एनसी’ कमांडनं, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ला पोर्ट क्रमांक देऊन.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं की मला थोडं बरं वाटतं. यंत्र जिवंत आहे, पत्ता बहुधा बरोबर आहे, मधला रस्ता मोकळा आहे. त्या पोर्टावर ऐकणारं कोणी नाही, एवढंच. एसएसएचची सेवा बंद पडली असेल किंवा ती दुसऱ्या पोर्टावर हलवली असेल. पण नकार देणारा फेलटूबॅनही असू शकतो, आणि हे फारसं कोणी लक्षात घेत नाही. चुकीच्या पासवर्डांचा मारा करणाऱ्यांना अडवणारं हे साधन मूळ मांडणीत दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटांसाठी तुमचा पत्ता अडवतं, आणि गप्प न राहता नकार कळवतं. म्हणजे आधी चारपाच वेळा ‘परमिशन डिनाइड’ आणि मग अचानक ‘रिफ्यूज्ड’, असा क्रम दिसला तर सर्व्हर पडलेला नाही. त्यानं तुम्हालाच बाहेर काढलंय. चहा घेऊन या, आणि परतल्यावर किल्ली तपासल्याशिवाय पुन्हा प्रयत्न करू नका. ऑफिसात सगळे एकाच पत्त्यानं बाहेर पडत असतील, तर एकाच्या चुकीची शिक्षा साऱ्या मजल्याला होते, हेही ध्यानात असू द्या.

‘नो रूट टू होस्ट’ हा संदेश थोडा फसवा आहे. तो वाचून राउटिंग बिघडलं असं वाटतं, आणि कधी बिघडलेलं असतंही. पण रेड हॅटच्या घराण्यातल्या सर्व्हरांवर फायरवॉल ज्या पद्धतीनं नकार कळवते, त्याचं भाषांतर तुमच्या संगणकावर नेमकं याच शब्दांत होतं.

दुसरं दार

इथवरची तपासणी बाहेरून झाली. सेवा बंद असेल किंवा सर्व्हरच्या आतली फायरवॉल अडवत असेल, तर आत जावंच लागतं, आणि त्यासाठी जवळजवळ प्रत्येक क्लाउड कंपनी ब्राउझरमधून चालणारा कन्सोल देते. त्याला एसएसएच लागत नाही. बहुतेकांना तो कन्सोल संकटाच्या रात्री पहिल्यांदा दिसतो, आणि तेव्हा कळतं की तिथं लॉगिन करायला पासवर्ड लागतो आणि आपण सगळीकडे फक्त किल्ल्या ठेवल्या आहेत. सर्व्हर धड आहे तोवरच एकदा तिथून लॉगिन करून पाहावं. तेही जमलं नाही तर सर्व्हर बंद करून त्याची डिस्क दुसऱ्या सर्व्हरला जोडायची, फाइल दुरुस्त करायची आणि डिस्क परत लावायची, हा लांबचा पण खात्रीचा मार्ग उरतो.

4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जवळपास सहा तास बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडनं कंपनीचं अंतर्गत नेटवर्कच तुटलं, त्यापाठोपाठ डीएनएसही गेलं, आणि दुरुस्तीची साधनंही त्याच नेटवर्कवर अवलंबून होती. शेवटी इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरात जावं लागलं. आपला पसारा तेवढा नसतो, पण प्रश्न तोच असतो: मुख्य वाट बंद झाली, तर दुसरी तिच्यावरच अवलंबून नाही ना?

कन्सोलमधून आत गेल्यावर आधी सेवेची अवस्था पाहावी. डेबियन आणि उबुंटूत तिचं नाव ‘एसएसएच’, रेड हॅटकडे ‘एसएसएचडी’. सुरू होत नसेल तर ‘एसएसएचडी डॅश टी’ चालवा, टी लहान लिपीतला. कॉन्फिगरेशनमध्ये चूक असेल तर ओळीच्या क्रमांकासह सांगतो. मोठा टी दिला तर प्रत्यक्षात लागू असलेली सगळी मूल्यं छापतो, आणि ती पाहणं डोळे उघडणारं असतं. मुख्य फाइलमध्ये तुम्ही पासवर्ड चालू केलेला असतो, पण शेजारच्या ‘एसएसएचडी-कॉन्फिग डॉट डी’ या फोल्डरात क्लाउडनं टाकलेली छोटी फाइल तो बंद करते. ही सेवा पहिलं भेटलेलं मूल्य धरते, नंतरचं नव्हे; आणि उबुंटूत ते फोल्डर आधी वाचलं जातं. पोर्ट बदलणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. उबुंटू 22.10 पासून पोर्टावर ऐकण्याचं काम सिस्टिमडीच्या सॉकेटकडे गेलं आहे, त्यामुळं फाइलमध्ये नवं पोर्ट लिहून फक्त सेवा पुन्हा सुरू केली तर जुनंच पोर्ट चालू राहू शकतं. एसई-लिनक्स असलेल्या सर्व्हरावर नवं पोर्ट त्याच्याकडेही नोंदवावं लागतं.

जोडणी होते, पण पुढं सरकत नाही

‘कनेक्शन एस्टॅब्लिश्ड’ येतं आणि पुढं शांतता पसरते, तेव्हा दोन शक्यता आधी पाहाव्यात. सर्व्हरची ओळख सांगणारी पहिली ओळच आली नाही आणि शेवटी ‘बॅनर एक्सचेंज’च्या वेळी टाइमआउट झाला, तर सर्व्हरची मेमरी संपलेली असण्याचा संभव मोठा. पोर्टावरचं पहिलं हस्तांदोलन कर्नल उरकतो. नवी प्रोसेस सुरू करायला मात्र जागा नसते. कन्सोलही गोठलेला असेल तर इथं रीबूट करायला माझी हरकत नाही. नंतर आधीच्या बूटचा लॉग उघडून ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमनं सगळं गिळलं ते सापडेल.

दुसरी शक्यता एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराची. जोडणी किल्ल्यांच्या देवाणघेवाणीपर्यंत येते, डीबगमध्ये ‘एक्सपेक्टिंग … केक्स … रिप्लाय’ अशी ओळ दिसते आणि तिथंच अडकते. छोटी पॅकेटं जातात, मोठी वाटेत हरवतात. व्हीपीएनवर आणि पीपीपीओई ब्रॉडबँडवर हे घडतं. पीपीपीओईवर 1500 ऐवजी 1492 बाइट मावतात. सर्व्हर पिंगला उत्तर देत असेल तर तुकडे न करण्याची अट घालून 1472 बाइटचं पिंग पाठवा, मग 1464 चं. दोन्हींत 28 बाइट शीर्षकांचे मिळतात. पहिलं हरवलं आणि दुसरं पोचलं तर निदान झालं. आपल्या बाजूचा एमटीयू 1400 वर आणला की जोडणी सहसा सुरळीत होते.

जुन्या सर्व्हराशी नव्या लॅपटॉपवरून बोलताना ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप’ येतो. ओपनएसएसएचनं सप्टेंबर 2021 च्या 8.8 आवृत्तीत शा-1 वर आधारलेल्या आरएसए सह्या मूळ मांडणीतून वगळल्या, त्याचा हा परिणाम. त्या एका सर्व्हरापुरती सूट कॉन्फिग फाइलमध्ये देता येते. सगळ्यांसाठी देऊ नये. खरा इलाज सर्व्हर अद्ययावत करण्याचा आहे, तो आपण पुढं ढकलत राहतो हा भाग वेगळा.

आणि मोठ्या अक्षरांत ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ असा इशारा आला, तर थांबावं. ‘नोन होस्ट्‌स’मधली जुनी नोंद ‘एसएसएच-कीजेन डॅश आर’नं काढा (आर मोठा), हा सल्ला कोणीही देईल आणि तो तांत्रिकदृष्ट्या बरोबरही आहे. पण त्याआधी एक प्रश्न विचारायचा: सर्व्हर पुन्हा उभारला का, की त्याचा आयपी दुसऱ्या यंत्राकडे गेला? याचं ठाम उत्तर असेल तरच नोंद काढा, आणि नवा ठसा कन्सोलमधून पाहून जुळवा. उत्तर नसेल, तर मध्ये कोणी तिसरा बसलाय का, ही शंका घ्यायची हीच वेळ. त्या जोडणीवर पासवर्ड तर टाकूच नका.

परमिशन डिनाइड

हा संदेश सगळ्यांत जास्त छळतो, आणि नेटवर्कशी त्याचा काही संबंध नसतो. इथवर आलात म्हणजे फायरवॉल, डीएनएस, पोर्ट सगळं ठीक आहे. त्यांना पुन्हा हात लावू नका.

आधी वापरकर्त्याचं नाव. उबुंटूच्या क्लाउड प्रतिमेत ते ‘उबुंटू’ असतं, ॲमेझॉन लिनक्सवर ‘ईसीटू-यूजर’, ॲमेझॉनवरच्या डेबियनमध्ये ‘ॲडमिन’. नाव दिलंच नाही तर एसएसएच तुमच्या लॅपटॉपवरचं नाव पाठवतं, ते सर्व्हरावर असण्याचं काही कारण नाही. चुकीच्या नावाला ‘असा वापरकर्ता नाही’ असं उत्तर मिळत नाही. हल्लेखोराला माहिती मिळू नये म्हणून चुकीचं नाव आणि चुकीची किल्ली, दोन्हींना एकच नकार असतो.

मग किल्ली. डीबगमध्ये ‘ऑफरिंग पब्लिक की’पुढं कोणत्या फाइलचं नाव येतं ते पाहा. तुम्हाला वाटते ती किल्ली पाठवली जातच नाहीये, असं वरचेवर निघतं. एजंटमध्ये सातआठ किल्ल्या साठल्या असतील, तर तो त्या एकेक करून पुढं करतो आणि योग्य किल्लीची पाळी येण्याआधीच सर्व्हर ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ म्हणून जोडणी तोडतो. मूळ मर्यादा सहा प्रयत्नांची आहे. कॉन्फिग फाइलमध्ये ‘आयडेंटिटीज ओन्ली यस’ लिहून नेमकी किल्ली नेमून द्यावी. पुटी वापरणाऱ्यांची अडचण निराळी असते: ॲमेझॉननं दिलेली पेम फाइल पुटीजेनमधून पीपीके रूपात बदलून घ्यावी लागते.

परवानग्यांबाबत एसएसएच कमालीचं सोवळं पाळतं. तुमच्या बाजूची खासगी किल्ली इतरांना वाचता येत असेल तर ‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’ म्हणून ते ती वापरायलाच नकार देतं. तिला 600 परवानगी द्यावी. निदान हा इशारा समोर दिसतो. सर्व्हरच्या बाजूला काहीच दिसत नाही. होम फोल्डर, त्यातलं ‘डॉट एसएसएच’ किंवा ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइल यांत दुसऱ्या कोणाला लिहिता येत असेल, तर सर्व्हर किल्ली गुपचूप धुडकावतो. वेबसाइटच्या फाइली लिहिल्या जात नाहीत म्हणून कोणीतरी वैतागून साऱ्या होम फोल्डरला 777 दिलेलं असतं, आणि त्या क्षणापासून एसएसएच बंद. दोन घटनांचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही. होम 755 किंवा त्याहून कडक, ‘डॉट एसएसएच’ 700, फाइल 600, आणि मालकी त्याच वापरकर्त्याची, इतकं केलं की पुरतं.

नकाराचं खरं कारण सर्व्हर तुम्हाला सांगत नाही, पण स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो. उबुंटूत ‘व्हार-लॉग’मधली ‘ऑथ डॉट लॉग’, रेड हॅटकडे ‘सिक्युअर’, किंवा ‘जर्नलसीटीएल’. कन्सोलमधून तो लॉग चालू ठेवून दुसऱ्या खिडकीतून प्रयत्न करा. ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्‌स’ किंवा ‘इनव्हॅलिड यूजर’ असे शब्द तिथं अगदी स्पष्ट असतात.

लॉगिन होऊन लगेच बाहेर फेकलं गेलात तर खात्याचा शेल ‘नोलॉगिन’ आहे का, ‘बॅश-आरसी’त कोणी ‘एक्झिट’ लिहून ठेवलंय का, हे पाहावं. आणि काम थांबवून पाचदहा मिनिटांनी परतल्यावर ‘ब्रोकन पाइप’ येत असेल, तर तो बिघाड नव्हे. मधलं नॅट यंत्र निष्क्रिय जोडण्या विसरतं. ॲमेझॉनचा नॅट गेटवे 350 सेकंदांनी. ‘सर्व्हर अलाइव्ह इंटर्व्हल’ 60 ठेवा, प्रश्न मिटेल.

दुरुस्ती करताना एक पथ्य पाळाच. एसएसएचचं कॉन्फिगरेशन किंवा फायरवॉल बदलताना उघडी असलेली जोडणी बंद करू नका. सेवा पुन्हा सुरू केली तरी चालू जोडण्या तुटत नाहीत. दुसऱ्या खिडकीतून नवी जोडणी होते हे पाहिल्यावरच पहिली सोडा. ‘यूएफडब्ल्यू’ ही फायरवॉल चालू करण्याआधी तिच्यात एसएसएचला परवानगी द्या, आणि मनात शंका असेल तर पाच मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद करणारं काम ‘ॲट’ कमांडनं लावून ठेवा. सगळं नीट चाललं तर ते काम रद्द करायला विसरू नका, नाहीतर फायरवॉल बंद पडेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

इतकं करूनही सुटलं नाही, तर मदत मागताना ‘चालत नाही’ असं न लिहिता चालवलेली पूर्ण कमांड, ‘डॅश व्ही’चा सगळा मजकूर, शेवटचं कधी चाललं होतं आणि त्यानंतर काय बदललं, एवढं द्या. स्क्रीनचा फोटो नको. मजकूर कॉपी करून द्या, म्हणजे समोरच्याला शोधता येतो. सार्वजनिक ठिकाणी देत असाल तर आयपी आणि नावं झाका. खासगी किल्ली मात्र कोणालाही पाठवायची नाही, मदत करणारा कितीही ओळखीचा असो. घाईत व्हॉट्सॲपवर पाठवून बसला असाल, तर मेसेज डिलीट करून भागणार नाही. नवी एड-25519 किल्ली तयार करा, तिची सार्वजनिक बाजू सर्व्हरावर टाका, तिनं लॉगिन होतंय हे पाहा, आणि मग ‘ऑथोराइज्ड कीज’मधून जुन्या किल्लीची ओळ काढून टाका. तीच किल्ली आणखी कोणकोणत्या सर्व्हरांवर आहे, ते त्याच बैठकीत पाहून घ्या.